नॅनोपोर: छिद्र मिळाले, वेग आवरायचा होता

महोदय,

नॅनोपोरने, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्राने, डीएनए वाचण्याविषयी 'छिद्रातून धागा ओवला की अक्षरे (डीएनएचे घटक) मिळतात' असे सर्रास म्हटले जाते. खरी गोम वेगात आहे. १९९६ मध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या अल्फा-हिमोलायसिन या नळीसारख्या प्रथिनातून आरएनए-डीएनएचे एकेरी धागे विजेच्या दाबाने ओढले गेले, पण एकेक अक्षर काही मायक्रोसेकंदांत निसटे. प्रत्येक अक्षरागणिक छिद्रातल्या विद्युतप्रवाहात पडणारा पिकोअँपिअरमधला फरक तेवढ्यात मोजणार कसा? शिवाय नळी लांब, एका वेळी कितीतरी अक्षरे आत. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जिवाणूचे एमएसपीए हे छिद्र-प्रथिन अधिक सोयीचे. त्याचा चिंचोळा भाग जेमतेम १.२ नॅनोमीटर रुंद. मात्र तिथले ऋणभारित अस्पार्टेट (एक अमिनो आम्ल) ऋणभारित डीएनएलाच परतवून लावत. २००८ मध्ये त्यांच्या जागी भाररहित अस्पॅराजिन बसवल्यावर वाट मोकळी झाली. वेगाला लगाम पुढे फाय२९ पॉलिमरेज या डीएनएची प्रत काढणाऱ्या विकराने घातला. आजच्या यंत्रांत ते काम हेलिकेज हे डीएनएची दुहेरी वीण उकलणारे विकर करते, सेकंदाला साधारण ४०० अक्षरे.

तरीही प्रवाहाची प्रत्येक पायरी एकाच वेळी छिद्रात असलेल्या अनेक अक्षरांची मिळून असते. सलग आठ-दहा 'ए' (एकच अक्षर) आले की पायरी बदलतच नाही आणि मोजणी चुकू शकते.

यंत्राला दोष देण्याआधी पिपेट पाहावे. फ्लो सेल (छिद्रे बसवलेली चकती) भरताना बुडबुडा शिरला तर छिद्रे धरून ठेवणारा पडदा फाटतो, ती छिद्रे गेलीच म्हणून समजा. नुसती तुंबलेली छिद्रे मात्र डीएनेज या डीएनए तोडणाऱ्या विकराच्या द्रावणाने धुतल्यावर बरीचशी सुटतात.

— एक वाचक, पुणे