पक्या, मांगा वाचायचाय ना? मग हे वाच आधी

प्रिय पक्या,

"ते जपानी कॉमिक्स, मांगा का काय ते, तू सारखं वाचत असतोस, त्यातलं मी काय वाचू ते सांग, पण एकच नाव सांग" असा तुझा मेसेज आला आणि मला कळेना की हसावं की चिडावं. एकच नाव? मला? त्यामुळे रिप्लाय न करता सरळ पत्रच लिहायला घेतलंय, लांबणार आहे, निवांत असशील तेव्हा वाच. स्पॉइलर देणार नाही, द्यावाच लागला तर सुरुवातीचाच देईन.

आधी तुझा तो लाडका मुद्दा निकालात काढतो, की अ‍ॅनिमे (म्हणजे त्याच गोष्टीचं जपानी कार्टून) बघितलंय तर परत वाचायचं कशाला. अरे, अ‍ॅनिमेत सीन किती वेळ चालणार ते दुसरं कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, मांगात ते तू ठरवतोस. एका चेहऱ्यावर पाच मिनिटं थांबायचं तर थांब, कोण हाकलतंय. आणि चांगला मांगाका, म्हणजे मांगा काढणारा, हे ओळखून असतो, तो पान उलटण्याचासुद्धा हिशोब करतो. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, म्हणजे आपल्या हिशोबाने पुस्तक मागून उघडायचं आणि पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीपासून सुरू करायचं. मग धक्का जो काय द्यायचाय तो पान उलटल्यावर पहिल्या नजरेत पडेल असा ठेवलेला असतो, आणि उलटायच्या आधीच्या शेवटच्या छोट्या चौकटीत कोणीतरी नुसतं वळून बघत असतं. सुरुवातीची काही पानं डोळे भलतीकडे जातात, मग सवय होते.

आता हे सगळं कुठल्या परिस्थितीत काढलं जातं तेही बघ. शोनेन जंपसारखं साप्ताहिक, म्हणजे दर आठवड्याला साधारण एकोणीस-वीस पानं, कच्चा आराखडा एडिटरकडून पास करून घ्यायचा, मग पेन्सिल, मग शाई, मग आठवडा संपला, परत पहिल्यापासून. वरून वाचकांचे सर्व्हे, पूर्वी अंकात पोस्टकार्ड असायची, आवडलेल्या सिरीजची नावं लिहून पाठवायची. तुझी सिरीज त्यात खाली गेली की काही महिन्यांत गाशा गुंडाळायचा. १९९४ च्या शेवटी या जंपचा एक अंक पासष्ट लाखांच्या वर छापला गेला होता, म्हणजे विचार कर किती लोकांच्या तोंडासमोर तू काढतोयस. असल्या धावपळीत सगळ्यात सोपं काय, तर प्रत्येक चॅप्टरमध्ये मारामारी टाकायची आणि शेवटी एक धक्का. आणि तरीही काहीजण मुद्दाम हळू जातात, शांत बसतात, पानंच्या पानं काही घडू देत नाहीत. मला जे आवडतात ना ते सगळे असले हट्टी लोक आहेत.

स्लॅम डंक घे. ताकेहिको इनोउए, १९९० ते १९९६, एकतीस व्हॉल्यूम, चालली ती जंपमध्येच. साकुरागी नावाचा लाल केसांचा राडेबाज पोरगा, बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, एका मुलीला इम्प्रेस करायला टीममध्ये घुसतो. सुरुवातीला निव्वळ टाइमपास आहे, जोक वगैरे, आर्टपण साधीच. पण शेवटची सान्नो शाळेबरोबरची मॅच वाचशील तेव्हा बघ. अख्खी मॅच आरडाओरडा, प्रेक्षक, कॉमेंट, घाम, आणि शेवटच्या काही सेकंदांत इनोउए सगळे आवाज बंद करून टाकतो. डायलॉग नाही, आवाजाची अक्षरं नाहीत, फक्त बूट, हात, बॉल, घड्याळ. त्यात साकुरागी एकच गोष्ट पुटपुटतो, डावा हात नुसता आधाराला. हे त्याला शॉट शिकताना सांगितलेलं असतं, शेकडो वेळा घोटून घेतलेलं. बास. पुढचं सांगत नाही. मी ती पानं वाचताना श्वास घ्यायचा विसरतो, आणि निकाल पाठ असूनही विसरतो, हे तुला अतिशयोक्ती वाटेल, वाटू दे.

याच माणसाने १९९८ ला व्हॅगाबाँड सुरू केलं, मियामोतो मुसाशी या तलवारबाजावर. योशिकावा एजीची कादंबरी मुळाशी आहे पण इनोउएने ती आपल्या मनाप्रमाणे वळवलीये, आणि पुढेपुढे चित्रं ब्रशने काढलीयेत, पाऊस आणि गवत बघत बसावं असं. आणि सगळा जपान हरवायला निघालेला हा मुसाशी एका दुष्काळी गावात जाऊन शेती करतो! चॅप्टरमागून चॅप्टर शेती. माती पाणी धरत नाही, काही उगवत नाही, लोक उपाशी, आणि याला तलवारीचा काडीचा उपयोग नाही. पुष्कळ लोक इथे कंटाळतात आणि शिव्या घालतात. मला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. सिरीज मात्र २०१५ पासून थांबलीये ती थांबलीचये, सदतीस व्हॉल्यूमवर, त्यामुळे पहिलीच म्हणून ही वाचू नकोस, लटकशील.

शेतीवरून आठवलं, विनलँड सागा. माकोतो युकिमुरा, २००५. ही सुरू झाली साप्ताहिकात, पण असं काम आठवड्याच्या वेगात कसं होणार, काही महिन्यांत ती आफ्टरनून नावाच्या मासिकात गेली आणि मग खरी खुलली. अकराव्या शतकातले व्हायकिंग. थॉरफिन लहान असताना डोळ्यांदेखत बाप मारला जातो, आणि हा पोरगा ज्याने मारला त्याच्याच टोळीत राहून लढत राहतो, का, तर कधीतरी त्याच्याशी द्वंद्व करून सूड घेता यावा म्हणून. पहिले आठ व्हॉल्यूम म्हणजे रक्त, बर्फ आणि जहाजं, आणि मी तर म्हणतो ती फक्त प्रस्तावना आहे. खरी गोष्ट सुरू होते तेव्हा थॉरफिन डेन्मार्कमधल्या एका जमीनदाराकडे गुलाम असतो. आयनार नावाचा दुसरा गुलाम जोडीला. दोघांनी जंगल तोडायचं, बुंधे उपटायचे, जमीन नांगरायची, गहू पेरायचा. बुंधे उपटायला घोडा नाही, तो मागायला एका खडूस म्हाताऱ्याकडे जायचं, तो म्हणतो आधी माझी कामं करा. एवढंच चाललंय, आणि रात्री थॉरफिन झोपेत किंचाळत उठतो पण काय स्वप्न पडलं ते त्याला आठवत नाही. ज्या माणसाने लहानपणापासून माणसं मारली त्याला गव्हाचा पहिला कोंब दिसल्यावर काय होतं, हे दाखवायला युकिमुरा मोजून मापून काही करत नाही, लागतील तेवढी पानं घेतो. सूड संपल्यावर माणसाने जगायचं कशासाठी, या प्रश्नाला एवढा वेळ देणारी दुसरी कलाकृती माझ्या वाचनात नाही, कादंबऱ्या धरून.

आणि शेतीचं तिसरं नाव अराकावाबाई. हिरोमु अराकावा, होक्काइदोमधल्या दुधाच्या गोठ्यावर वाढलेली, स्वतःचं चित्र काढते ते चश्मा लावलेल्या गायीचं. तिची फुलमेटल अल्केमिस्ट तू ऐकलीच असशील. एड आणि अल दोन भाऊ, आई गेलेली, किमयेने तिला परत आणायला जातात आणि फसतं, अलचं अख्खं शरीर जातं, एडचा पाय जातो, मग भावाचा आत्मा चिलखतात बांधून ठेवायला एड एक हातही देतो. काही मिळवायचं तर तेवढंच द्यावं लागतं हा तिथला नियम, आणि अराकावा तो नियम सत्तावीस व्हॉल्यूम कुठेही ढिला सोडत नाही. २००१ ते २०१०, मासिकात. एकही पात्र वाया गेलेलं नाही, सुरुवातीला आलेला फालतू वाटणारा माणूससुद्धा शेवटी कामाला येतो. पण मला खास सांगायचीये ती तिची सिल्व्हर स्पून, शेतकी शाळेतली. हाचिकेन नावाचा शहरी पोरगा अभ्यासाला वैतागून तिथे येऊन पडतो. तिथे एक अशक्त डुकराचं पिल्लू त्याच्या मनात भरतं, सगळे सांगतात नाव ठेवू नको, हे कापायला जाणारे, आणि याने ठेवलेलं नाव काय, तर बुतादोन! म्हणजे भातावर डुकराचं मटण घालून जो पदार्थ करतात त्याचं नाव. आधी हसायला येतं. मग पिल्लू मोठं होतं आणि हाचिकेनला ठरवावं लागतं. अराकावा इथे रडारड करत नाही, उपदेशही करत नाही, जनावरांत वाढलेली बाई आहे, तिला दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

तुला थ्रिलर लागतात हे विसरलेलो नाही. उरासावा नाओकीची मॉन्स्टर, १९९४ ते २००१, अठरा व्हॉल्यूम, आणि गोष्ट जर्मनीत घडते. तेनमा नावाचा जपानी ब्रेन सर्जन. डोक्यात गोळी लागलेला मुलगा आधी आलेला असतो, मागून शहराचा मेयर येतो, वरून ऑर्डर की मेयरचं ऑपरेशन कर. तेनमा ऐकत नाही, मुलाला वाचवतो. नऊ वर्षांनी कळतं की आपण वाचवला तो कोण. एवढं पुरे. यातला लुंगे नावाचा इन्स्पेक्टर फार भारी आहे, बोलता बोलता त्याची बोटं हवेत टाइप करत असतात, डोक्यात नोंद चाललेली असते, आणि उरासावा नुसती ती बोटं दाखवून तुला टेन्शन देतो. मध्येच तो मेन गोष्ट सोडून कुठल्यातरी गावातल्या अनोळखी माणसावर अख्खा चॅप्टर घालवतो, तुला वाटेल हे काय आता, तर वाच गपचूप, तो माणूस तुझ्या लक्षात राहणार आहे.

योशितोकी ओइमाची अ सायलेंट व्हॉइस फक्त सात व्हॉल्यूमची आहे. शाळेत एका बहिऱ्या मुलीला छळणारा इशिदा, पुढे तोच एकटा पडतो, लोकांच्या तोंडाकडे बघण्याची हिंमत उरत नाही, तर ओइमा त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मोठ्या फुल्या मारून ठेवते. वर्गाचं चित्र, सगळीकडे फुल्या. आणि एखाद्याशी खरोखर मैत्री झाली की ती फुली सुटून खाली पडते. आयडिया एवढीशी आहे, पण कागदावर ती जे करते ते बोलून सांगता येत नाही.

बर्सर्कबद्दल थोडक्यात, कारण ती तुला इतक्यात देणार नाही, फार हिंस्र आहे आणि मोठ्यांसाठीच आहे. केंतारो मिउराने १९८९ ला सुरू केली आणि मे २०२१ मध्ये तो गेला, चोपन्न वर्षांचा, गोष्ट अर्धवट. आता ऐक. त्याचा शाळेपासूनचा मित्र कोजी मोरी, तोही मांगाका. मिउराने कितीतरी वर्षांपूर्वी त्याला बसवून गोष्ट शेवटपर्यंत सांगून ठेवलेली. तर २०२२ पासून मोरी आठवून आठवून ती सांगतोय आणि मिउराच्याच स्टुडिओतले असिस्टंट ती काढतायत, आणि मोरीने आधीच जाहीर केलं की मिउरा मला बोलला तेवढंच देईन, माझ्या पदरचं काही घालणार नाही. नवीन चॅप्टर आला की मी चित्र बघायच्या आधी याच गोष्टीचा विचार करत बसतो. आपल्याला एकमेकांनी सांगितलेल्यातलं किती आठवतं रे?

असो. आणि हे सगळं जड झालं तर योत्सुबा. कियोहिको अझुमाची, २००३ पासून. हिरव्या केसांच्या चार पोनीटेलवाली पाच वर्षांची पोरगी आणि तिचा बाप, संपली गोष्ट. व्हिलन नाही, सस्पेन्स नाही, एक चॅप्टर म्हणजे साधारण एक दिवस. पहिल्याच व्हॉल्यूममध्ये तिला कोणीतरी ग्लोबल वॉर्मिंग समजावतं आणि ती एसीवाल्यांना दुष्ट ठरवून मोकळी होते. मूड गेला असेल तेव्हा कुठलाही व्हॉल्यूम कुठूनही उघड.

वन पीसचं विचारशीलच म्हणून सांगतो, आवडते मला, पण १९९७ पासून चालूये आणि शंभराच्या वर व्हॉल्यूम झालेत, तुझा स्वभाव बघता तू दहाव्यात सोडशील आणि मला नावं ठेवशील.

तर ऑर्डर अशी. आधी फुलमेटल, कारण पूर्ण झालेली आहे, आर्ट स्वच्छ आहे, उजवीकडून वाचायची सवय तिच्यात आपोआप लागते. मग मॉन्स्टर. मध्ये श्वास घ्यायला सिल्व्हर स्पून किंवा योत्सुबा. मग विनलँड, आणि शेतीच्या भागात बोअर झालं म्हणून पुढची पानं चाळलीस तर मला कळेल, मी प्रश्न विचारणारे. फुलमेटलचे पहिले चार व्हॉल्यूम माझ्याकडून घेऊन जा, मात्र पानाचे कोपरे दुमडायचे नाहीत, आणि चौथ्याच्या शेवटाला पोचलास की रात्र असो वा पहाट, फोन कर.

तुझाच,
बंड्या