३२० कलमांच्या आधी

पडेल, ता. देवगड
२२ जून

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते तुला सांगायला नको. मे संपेपर्यंत आमच्याकडे कुणाला धड जेवायलाही फुरसत नसते. शेवटचा आंबा कॅनिंगला गेला, आंबे उतरवायचे झेले आणि क्रेट धुऊन माळ्यावर टाकले आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला. आता दोन दिवस वीज नाही, मोबाईल बंद पडलाय, म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुझ्या पत्रातले आठ प्रश्न वाचले. खतं किती, फवारण्या किती, पेट्या किती. पण माझं लक्ष एकाच आकड्यावर अडकलं. राजापूरच्या दोन एकरांत ३२० हापूसची कलमं लावायची म्हणतोस! गणित चुकलेलं नाही. पाच बाय पाच मीटरवर एकरी १६० बसतात. आपल्या आजोबांच्या दहा बाय दहाच्या हिशेबाने त्याच जागेत ८० बसली असती. तुला नर्सरीवाल्याने सांगितलं ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे. पाच बाय पाचवर लावलेलं कलम दरवर्षी आंबा उतरला की छाटावं लागतं, आणि ते तू पुण्यात बसून करणार नाहीस.

आमच्या घरामागची बाग तुला आठवते ना? आपण सुट्टीत ज्या सावलीत पत्ते कुटायचो तीच. ती सावली आपल्याला कितीही आवडली तरी बागेचं दुखणं तीच होती. फांद्या एकमेकींत घुसलेल्या, आत दुपारी बाराला अंधार. आंबा लागायचा तो फक्त वर, शेंड्याला, जिथे झेला पोचत नाही. फवारणीचा पंप कितीही मारला तरी औषध मधल्या पाल्यापर्यंत जायचं नाही आणि तुडतुडे तिथेच मजेत. चार वर्षांपूर्वी मी मधली उभी फांदी काढून झाडं उघडी केली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आजोबांच्या हातची झाडं ती. कापांवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, तरी दोन झाडांत खोड पोखरणारा भिरूड शिरलाच, तारेने उकरून काढावा लागला. पहिल्या वर्षी आंबा कमी आला. तिसऱ्या वर्षी आतल्या फांद्यांवर, हाताला येईल इतक्या उंचीवर घोस लागले आणि उन्हाच्या बाजूला गालावर लाली. तेव्हा आई म्हणाली, "आधीच का नाय तोडलंस?"

आता जमिनीचं. तू लिहितोस, "जागा वरच्या सड्यावर आहे, थोडी उतारावर." दत्ता, "थोडी उतारावर" या दोन शब्दांत तुझी अर्धी बाग आहे. माझ्याकडे दोन तुकडे आहेत. एक सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नुसता जांभा. बाबांनी सुरुंग लावून खड्डे केले आणि बाहेरून माती आणून भरली. दुसरा खाली व्हाळाकडे, ओढ्याच्या काठाला, तिथे पहार पुरी आत जाते. कलमं एकाच नर्सरीतली, एकाच पावसात लावलेली. सड्यावरची झाडं अजून बुटकी आहेत, पण पाऊस गेला की त्यांना लवकर पाण्याचा ताण बसतो, मोहोर आधी येतो, आंबा आधी बाजारात जातो आणि त्याचा वास पेटी उघडण्याआधी येतो. व्हाळाकडची झाडं दिसायला राजबिंडी, काळीभोर पानं, आणि आंबा उशिरा, तोही मोजका. ऑक्टोबरात तिथे लालसर कोवळी पालवी फुटते. पहिल्यांदा मी ती बघून खूश झालो होतो. आमचा जुना गडी बघून म्हणाला, "ह्या झाडाक पालो खूप झालो, आता आंबो खंयसून लागतलो?"

त्याचं खरं होतं. काडी पिकून पक्की व्हावी लागते, मग थंडीची चाहूल लागली की तिच्या टोकाला मोहोर येतो. ऑक्टोबरात पालवी आली की ती पक्की होईपर्यंत थंडी निघून जाते. मी दोन्हीकडे सारखंच खत घालत होतो. सड्यावर ते झाडाला पुरत नव्हतं, पाण्याबरोबर वाहून जात होतं. खाली त्याचा नुसता पाला होत होता. आता खाली युरिया जवळजवळ बंद केलाय आणि सड्यावर पाच-पाच घमेली शेणखत चर खणून घालतो, बुंध्याशी नाही, फांद्यांच्या पसाऱ्याखाली.

कल्टार या मोहोर लवकर आणणाऱ्या औषधाबद्दल तू विचारलंस, म्हणून माझी चूक सांगतो. बाबा गेल्यावर तीन वर्षं मी खालची बाग कराराने दिली होती. घेणाऱ्याचं नाव नको, तो काही एकटाच तसा नाही. पैसे आधी मिळाले, मी मोकळा. एकदा जुलैत सहज गेलो तर त्याची माणसं बुंध्याभोवती पहारीने भोकं पाडत होती आणि एकजण बाटलीतून अंदाजाने ओतत होता. डबक्यात औषध, वर पाऊस. मी विचारलं, किती घालताय? तो म्हणाला, "चांगलं घालतोय."

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. झाडात वाढ करणारं जे जिबरेलिन असतं ते तयार होणं हे अडवतं, म्हणून पालवी थांबते आणि मोहोर लवकर येतो. वाईट नाही ते. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस झाडाच्या पसाऱ्याच्या दर मीटरला ३ मिली अशी आहे, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. सहा मीटर पसाऱ्याच्या झाडाला १८ मिली. त्याने किती घातलं देवाला ठाऊक. पहिल्या वर्षी बाग आंब्याने वाकली, लोक बघायला आले. दुसऱ्या वर्षीही ठीक. तिसऱ्या वर्षी काड्यांची पेरं आखडली, पानं टोकाला गुच्छासारखी, मोहोर मुठीएवढा आणि आंबे लहान. करार संपला, तो गेला, झाडं मला परत मिळाली. कल्टार घातलं की झाडाला खत आणि शेणखत वाढवून द्यावं लागतं, नाहीतर ते अंगातलं काढून देतं. हे त्याला माहीत होतं, पण पुढच्या वर्षी झाड कसं असेल याचं त्याला काय पडलं होतं? आणि मी तरी कुठे विचारलं? झाडं सावरायला चार वर्षं लागली. तू काहीही कर, पण लांब राहून बाग कराराने द्यायचा विचार असेल तर कल्टारचं माप करारात लिहून घे.

थंडीचं आपल्या हातात काही नाही, पण ती काय करते ते माहीत असावं. मोहोर येतो तेव्हा एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं असतात, बहुतेक नर. फळ धरतं ते फक्त द्विलिंगी फुलांना. थंडी फार लागली की नर फुलंच वाढतात. लोक म्हणतात, "काय मोहोर आलाय!" आणि मार्चमध्ये नुसते दांडे उभे. त्यात जानेवारीत पुन्हा थंडी पडली की वाटाण्याएवढ्या कैऱ्या असलेल्या काडीवरच दुसरा मोहोर फुटतो आणि कैऱ्या पिवळ्या पडून गळतात. त्यावर पहिला मोहोर पूर्ण फुललेला असताना जिबरेलिक ॲसिड, २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. मजा बघ, जुलैत आपण जे अडवतो तेच डिसेंबरात फवारतो.

मोहोर फुललेला असताना मात्र कीटकनाशक मारू नकोस. शेजारचा मारतो म्हणून हात शिवशिवतो. पण आंब्याचं परागीकरण मुख्यतः माश्या करतात, मधमाशी त्यामानाने कमी. मी या वर्षी बंदरावरून माशांची मुंडकी आणून टोपल्यांत भरून बागेत ठेवली. माश्या आल्या, आई घरातून ओरडली, मांजरं तर गावभरची आली. आणि सगळी बाग हापूसची करू नकोस. हापूसला स्वतःच्याच परागाने फळ नीट धरत नाही. दहा झाडांमागे एखादं केसर किंवा रत्ना जातीचं लाव, कडेला एखादा कोयीपासून वाढलेला रायवळ असेल तर तोडू नकोस.

फुलकिडे, भुरी, करपा या कीड-रोगांवरच्या फवारण्यांचं वेळापत्रक विद्यापीठ छापतं, ते घे आणि दुकानदाराचं ऐकू नकोस. एकच औषध दोनदा लागोपाठ मारू नकोस, एवढंच.

साक्याचं, म्हणजे आंबा आतून खराब होतो त्याचं, मात्र सविस्तर सांगतो, कारण त्याने माझी लाज काढली. दोन वर्षांपूर्वी आपल्या मराठीच्या गुरुजींना पेटी घेऊन गेलो होतो. सड्यावरचा, निवडक, झाडावर मुद्दाम जास्त दिवस ठेवलेला. मला वाटलं, जितका झाडावर राहील तितका गोड. गुरुजींच्या घरच्या बाईंनी माझ्यासमोरच एक कापला. खोलीभर वास, सालीवर सुरकुतीही नाही, आणि कोयीच्या बाजूला मळकट पांढरा, भुसभुशीत, आंबूस गर. दुसरा कापला, तोही तसाच. गुरुजी काही बोलले नाहीत. साका सुरीने कोरून काढला आणि उरलेला आंबा शांतपणे खाल्ला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

साका म्हणजे कीड नाही, रोग नाही. आंबा पूर्ण तयार होऊनही झाडावर राहिला की आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि गरातलं पाणी ओढून घेते. त्यात एप्रिलचा तापलेला कातळ खालून धग सोडत असतो. म्हणून चौदा आण्याला, म्हणजे सोळा आणे पिकायच्या जरा आधी, काढायचा. देठाजवळचे खांदे वर आले, देठाशी खळगा पडला, हिरवा रंग किंचित फिका झाला की झालं. सकाळच्या वेळी, थोडा देठ ठेवून, आणि काढलेला आंबा कातळावर एक मिनिटही नाही. आता मी मार्चपासून झाडांखाली वाळलेलं गवत पसरतो. अंड्याएवढ्या कैरीला कागदी पिशव्या घालतो, त्याने साका कमी होतो आणि फळमाशीही लागत नाही. सगळ्या झाडांना मजुरी परवडत नाही, म्हणून फक्त खालच्या फांद्यांना, जिथे धग जास्त लागते.

रत्नाला साका होत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसपासून ती जात केली, १९८१ साली. चव चांगली आहे, पण वाशीच्या बाजारात दलाल विचारतो, "हापूस आहे ना?" आणि तिथे बोलणं संपतं.

तर ३२० नकोत. तुझ्या सड्यावर ८० लाव, आणि पाणी कुठून आणणार ते आधी ठरव. पहिले दोन-तीन उन्हाळे कलमाला पाणी लागतंच. मोठ्या झाडालाही कैरी वाटाण्याएवढी झाली की पंधरा दिवसांनी एकदा असं तीन वेळा दीडशे-दोनशे लिटर दिलं तर गळ कमी होते आणि फळ पोसतं. मग काढणीच्या महिनाभर आधी बंद. कलमाच्या जोडाखालून फुटवे आले की लगेच काढ, नाहीतर पाच वर्षांनी हापूस समजून रायवळ खात बसशील. पहिली तीन-चार वर्षं मोहोर दिसला की खुडून टाक. जीवावर येईल, माझ्याही आलं होतं.

पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा जागेच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या टोकाची थोडी-थोडी माती वेगवेगळ्या पिशव्यांत आण, ती तपासायला देऊ. खड्डे त्याआधी खणू नकोस. आणि वहिनींना सांग, आईने त्यांच्यासाठी आंब्याचं साठ बांधून ठेवलंय. यंदा ते व्हाळाकडच्या आंब्याचं आहे, थोडं आंबट लागेल.

तुझा,
संजू