ऐकणारे एक, सही करणारे दुसरेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी आदेशात एक ठरलेलं वाक्य असतं, "अर्जदाराचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले". मला गेल्या वर्षी असाच आदेश आला आणि खाली ज्यांची सही होती त्या साहेबांना मी आजपर्यंत बघितलेलंसुद्धा नाही! सुनावणी घेतली आधीच्या साहेबांनी, अर्धा तास शांतपणे ऐकलं, नकाशावर बोट ठेवून दोन प्रश्नही विचारले, मग त्यांची बदली झाली आणि चार महिन्यांनी नवीन साहेबांनी निकाल दिला. मी दाखवलेल्या मूळ पावतीचा त्यात उल्लेखच नाही, कारण काय तर "खुलासा संयुक्तिक वाटत नाही", एवढंच.

हा प्रश्न काही नवा नाहीये. 1958 साली गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढे हेच आलं होतं. आंध्रमध्ये बस मार्ग सरकारकडे घ्यायच्या योजनेवर खाजगी बसवाल्यांच्या हरकती होत्या, त्या ऐकल्या सचिवांनी (तेही वाहतूक खात्याच्याच!) आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं असेल तर प्रत्यक्ष सुनावणीला काही अर्थच उरत नाही, कारण समोरासमोर बोलताना शंका फेडता येते, साक्षीदार कसा बोलतोय ते दिसतं, कागदावर ते उतरत नाही.

काहीजण म्हणतील की सगळं फाइलवर असतं, एवढ्या मोठ्या खात्यात एकच माणूस किती ऐकणार. इंग्लंडमध्ये 1915 च्या आर्लिज खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने हे बऱ्यापैकी मान्यही केलं होतं आणि ती अडचण मलाही कळते. पण मग निदान कारणं तरी लिहा ना! 1990 च्या एस. एन. मुखर्जी निकालात घटनापीठानेच सांगितलंय की कायद्याने सूट दिली नसेल तर असा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने कारणं नोंदवलीच पाहिजेत. न ऐकणाऱ्याने निकाल दिला आणि वर कारणंही नाहीत, तर अपिलात माणसाने भांडायचं तरी कशाशी? माझे वकील तीन दिवस तेच शोधत होते.

माझी मागणी साधी आहे. बदलीची ऑर्डर निघाली की ऐकून झालेल्या प्रकरणांचे निकाल देऊनच साहेबांनी चार्ज सोडावा, नाही जमलं तर नवीन साहेबांनी परत तारीख लावावी, आम्ही परत येऊ, आमची तक्रार नाही. आणि प्रत्येक आदेशात सुनावणी कोणत्या तारखेला आणि कोणापुढे झाली ते नाव-हुद्द्यासकट लिहिणं सक्तीचं करावं. माझ्या आदेशात तारीख आहे, नाव नाही, आणि अपिलात पहिला मुद्दा मी तोच घेतलाय.

आपली नियमित वाचक