बोटं गेली, मग नोकरी पण का जावी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात 26 वर्षं प्रेस शॉपमधे, म्हणजे पत्र्याचे पार्ट कापायच्या-वाकवायच्या मशीनवर काम केलं, आधी ऑपरेटर, मग मशीनला डाय (साचा) बसवणारा सेटर आणि शेवटची अकरा वर्षं सुपरवायझर, आता रिटायर झालोय. पत्र लिहायची सवय नाही त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या, पण हे कुणीतरी लिहायला पाहिजे असं बरेच दिवस वाटत होतं. डोंबिवलीत 23 मे 2024 ला स्फोट झाला, त्याआधी डिसेंबर 2023 मधे आमच्या तळवड्यात आग लागून कामाला गेलेल्या बायका गेल्या, तेव्हा सगळ्या पेपरांनी पानंच्या पानं छापली आणि ते बरोबरच होतं. पण एक बोट, दोन बोटं रोज कुठल्या ना कुठल्या शेडमधे जातात त्याची बातमी होत नाही. त्या पोराचं पुढे काय होतं हे तर कुणी विचारतच नाही.

ज्यांनी प्रेस बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर एक जड चाक, फ्लायव्हील, सतत फिरत असतं, पेडल दाबलं की क्लच लागतो, रॅम म्हणजे वरचा जड ठोकळा खाली येतो, पत्र्याचा पीस कापतो किंवा वाकवतो आणि वर जातो. ऑपरेटर एका हाताने पीस काढतो, दुसऱ्याने नवा पत्रा लावतो, परत पेडल. शिफ्टमधे हे हजारो वेळा. जुन्या पिन क्लचच्या प्रेसची गोष्ट अशी की एकदा स्ट्रोक सुरू झाला की मधे थांबतच नाही, रॅम पूर्ण खाली येऊनच वर जाणार, त्यामुळे त्याच्यावर सेन्सर लावून पण उपयोग नसतो. आणि पिन झिजलेली असली, ब्रेक ढिला असला तर पेडलवरून पाय काढला तरी ती डबल मारते, म्हणजे रॅम आपोआप परत खाली येतो. हात तेव्हाच आत असतो. नवीन, हवेच्या दाबावरच्या न्यूमॅटिक प्रेसला लाइट कर्टन असतो, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा, दोन हातांची बटणं असतात, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम हलत नाही म्हणजे हात बाहेरच राहतात. पण त्याने तासाला पीस कमी निघतात, मग एक बटण तारेने बांधून टाकतात. ती तार मी स्वतः पण बांधलीय, वरून टार्गेट आलं होतं म्हणून बांधली, आणि आज ते आठवलं की झोप लागत नाही.

2025 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. नांदेडकडचा एक पोरगा, 23 वर्षांचा, आयटीआय झालेला, ठेकेदाराकडून आमच्याकडे लागून सात महिने झाले होते. थर्ड शिफ्ट, पहाटेचे सव्वाचार, प्रेसने डबल मारली. उजव्या हाताचं पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून. तो ओरडला पण नाही, हात वर धरून माझ्याकडे चालत आला आणि म्हणाला "काका, मशीन बंद करा". हातमोज्याची दोन बोटं डायमधेच राहिली होती.

ठेकेदाराचा माणूस त्याला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला आणि गाडीतच त्याला शिकवलं की गावाला गेलो होतो, कडबा कुट्टीत हात गेला असं सांग. कंपनीत पडलेलं बोट कडबा कुट्टीत गेलं म्हणून लिहून घ्यायचं हा आमच्या पट्ट्यातला जुना धंदा आहे. पोरगं घाबरलेलं, नोकरी टिकेल या आशेने तयार पण झालं होतं. मी आणि आणखी दोघं धरून बसलो तेव्हा कुठे चौथ्या दिवशी ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा अ‍ॅक्सिडेंट रिपोर्ट गेला.

इथे एक गोष्ट सगळ्या कामगारांनी लक्षात ठेवावी. ईएसआयमधे आजारपणाच्या पगारासाठी आधी काही महिने वर्गणी भरलेली लागते, पण कामावर इजा झाली तर तशी काही अट नाही, कामाचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे. जखम बरी होईपर्यंत पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात आणि नंतर मेडिकल बोर्ड बसून कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं, त्याप्रमाणे जन्मभर दरमहा पैसे. ते टक्के कायद्याच्या तक्त्यात दिलेले आहेत. अंगठा गेला तर 30, पहिलं बोट मुळापासून गेलं तर 14, मधलं 12, करंगळी किंवा तिच्या शेजारचं 7, एका हाताची दोन बोटं गेली तर 20, चारही गेली तर 50. आमच्या पोराला 20 टक्के बसले. पगार 15,000, त्याचे 90 टक्के 13,500, त्याचे 20 टक्के म्हणजे महिन्याला 2,700 रुपये. मी याला कमी म्हणत नाही, ज्यांना ईएसआय पण नाही त्यांचे हाल आम्ही बघितलेत.

पण कागदावर 20 टक्के गेले आणि बाहेर त्याची शंभर टक्के कमाई गेली, माझं म्हणणं एवढंच आहे. बँडेज निघालं, फिट सर्टिफिकेट घेऊन तो गेटवर आला तर ठेकेदार म्हणाला तुझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. उपचार चालू असताना, ईएसआयचा पगार चालू असताना काढता येत नाही असं तेव्हाच्या कायद्यात स्पष्ट होतं, म्हणून त्यांनी तेवढे तीन महिने थांबून घेतलं आणि मग काढलं. मग तो दुसरीकडे फिरायला लागला. आमच्याकडे भरती कशी होते माहितीये का, सकाळी गेटवर पोरं लाईनीत उभी करतात आणि म्हणतात "दोन्ही हात पुढे करा". तळवे वर, मग खाली. ज्याचं बोट कमी आहे तो बाजूला. मी स्वतः अशी भरती घेतलीय, तेव्हा वाटायचं सेफ्टीसाठी करतोय, बोट कमी असलेल्याला परत प्रेसवर नको. पण त्याला इन्स्पेक्शनला घ्या, पॅकिंगला घ्या, स्टोअरला घ्या हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या पण नाही. गेज लावून पीस तपासायला तीन बोटं आणि डोळे पुरतात. तो पोरगा ड्रॉइंग वाचणारा, व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापाची साधनं येणारा. सहा गेटवरून त्याला हात बघून परत पाठवला.

आता कायदा काय म्हणतो बघा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याचं कलम 20 फार चांगलं आहे, नोकरीत असताना कुणाला अपंगत्व आलं तर त्याला काढता येणार नाही, पदावरून खाली आणता येणार नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्या, दुसरं काम नसेल तर मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत जादाच्या पदावर ठेवा. पण हे सगळं सरकारी आस्थापनांना. खासगी कंपनीने समान संधीचं धोरण जाहीर करायचं एवढं कलम 21 मधे आहे, ते धोरण छापून भिंतीला लावलं की झालं. आणि आरक्षण बिरक्षण कमीत कमी 40 टक्के अपंगत्व असेल तर, दोन बोटांत तेवढे टक्के बसत नाहीत. म्हणजे सरकारच्या लेखी तो पुरेसा दिव्यांग नाही आणि गेटवरच्या माणसाच्या लेखी तो धडधाकट नाही, मग त्याने जायचं कुठे? त्यात त्याला काढलं तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीची जी व्याख्या होती त्यातून सततच्या आजारपणामुळे काढलेला माणूस वगळलेला होता, म्हणजे तसं कारण दाखवलं की कपातीची भरपाई पण मागता येत नव्हती.

हाच अपघात ज्याचा सरकारी वर्कशॉपमधे झाला त्याची नोकरी राहते, तीच मशीन, तीच बोटं. सुप्रीम कोर्टाने 2003 साली कुणाल सिंग या जवानाच्या केसमधे, त्याचा पाय कापावा लागला होता, स्पष्ट सांगितलं की नोकरीत अपंगत्व आलेल्या माणसाला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला असं घरी बसवता येणार नाही. तो न्याय एमआयडीसीच्या गेटच्या आत का येत नाही?

21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे लागू झालेत, 29 जुने कायदे त्यात गेले. त्यात काही चांगलं आहे, प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे, घरून कामावर येता जाताना झालेला अपघात पण धरायचा आहे, मालकाला जो दंड होईल त्यातला निम्मा तरी जखमी माणसाला द्यायला कोर्ट सांगू शकतं. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधे मशीनला गार्ड नसल्यामुळे गंभीर इजा झाली तर कमीत कमी दंड 5,000 रुपये होता, एका डायच्या पॉलिशला त्याच्यापेक्षा जास्त लागतात. पण नव्या कोडमधे फॅक्टरी म्हणजे काय त्याचा आकडा वाढवला, वीज वापरणाऱ्या ठिकाणी केंद्राच्या जुन्या कायद्यातल्या 10 कामगारांवरून 20. भोसरीतल्या गल्लीत जा, बारा-पंधरा माणसांच्या शेड किती आहेत मोजा, आणि बोटं सगळ्यात जास्त तिथेच जातात. त्या शेड फॅक्टरीच्या व्याख्येच्या बाहेरच राहणार.

आणि कामाचे तास. सप्टेंबर 2025 मधे आपल्या मंत्रिमंडळाने कारखान्यात रोजचे 9 तास 12 करायला मंजुरी दिली, ओव्हरटाइमची मर्यादा तीन महिन्यांना 115 वरून 144 तास केली. मी 26 वर्षांत जेवढे हात गेलेले बघितले त्यातले बहुतेक शिफ्टच्या शेवटच्या दोन तासात किंवा पहाटे तीन ते पाचमधे. माणूस झोपत नाही, पण हात आणि पाय वेगवेगळे चालायला लागतात, पाय पेडलवर आधी जातो. बारा तासांना कामगाराची लेखी संमती लागेल असं म्हणतात, आता ठेकेदाराकडचं पोरगं नाही म्हणेल का तुम्हीच सांगा.

माझी मागणी सरकारकडे आहे आणि ती साधी आहे. कामगार हा विषय समवर्ती यादीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो, राज्याला स्वतःची दुरुस्ती करता येते, तासांसाठी मंजूर केलीच ना? मग तशीच एक दुरुस्ती करा की कामावर इजा झालेल्या माणसाला त्याच आस्थापनेत झेपेल ते काम त्याच पगारावर द्यायचं, तो ठेकेदाराकडचा असेल तर मूळ कंपनीने द्यायचं, कारण भरपाईच्या कायद्यात ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावर टाकलेली आहेच, मग नोकरीची पण टाका. अप्रेंटिस पोरांना पण हे लागू करा, त्यांना कायदा कामगार म्हणत नाही पण इजेची भरपाई मात्र देतो. आणि गेटवर हात बघून माणूस परत पाठवणं हा भेदभाव आहे असं कायद्यात लिहा. 1969 साली माथाडी कायदा आपल्याच राज्याने केला, तेव्हा पाठीवर ओझं वाहणाऱ्याला मालक कोण हे पण सांगता येत नव्हतं, तरी मार्ग काढला. मालकांचं म्हणणं मला माहितीये, छोट्या शेडवाल्याकडे दुसरं काम नसतं. तिथे सगळ्या शेडवाल्यांनी मिळून एमआयडीसीप्रमाणे एक यादी ठेवावी, एकाकडे नसेल तर शेजारच्याकडे असेल. ज्या मोठ्या गाड्यांच्या कंपन्या यांच्याकडून पार्ट घेतात त्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा हिशोब मागतात, बोटांचा पण मागावा.

आणि कामगार भावांना, बहिणींना पण सांगतो, प्रेसवर आता बायका पण खूप आहेत. लागल्या दिवशीच ईएसआयचा नंबर मागा. अपघात झाला की जागेचा आणि मशीनचा फोटो कुणालातरी काढायला सांगा, दवाखान्यात खरं तेच सांगा. ईएसआय नसेल तर भरपाईच्या कायद्याखाली दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो, पैसे महिनाभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि वर दंड लागू शकतो.

तो पोरगा सध्या गावाला आहे. लिहायला डाव्या हाताने शिकला, परवा त्याने मला त्याच्या सहीचा फोटो पाठवला. एका ठिकाणी क्वालिटीची जागा आहे, तिथे अनुभवाचा दाखला मागतायत आणि तो दाखला ठेकेदार द्यायला तयार नाही, म्हणतो हा आमच्याकडे नव्हताच. माझ्या शिफ्टच्या वहीत त्याच्या सात महिन्यांच्या सगळ्या तारखा, मशीन नंबर आणि पीस लिहिलेले आहेत. ती वही मी जपून ठेवलीय आणि जिथे दाखवायला लागेल तिथे घेऊन येईन.

आपला,
एक जुना प्रेस शॉपवाला, भोसरी