थंडीतील निसर्गअभ्यास गच्चीवरच

महोदय,

थंडीत मुलांना निसर्ग दाखवायचा म्हणजे भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला न्यायचे, असा समज पुण्यातील पालकांत रूढ झालेला दिसतो. ती सहल चांगलीच. परंतु बरेचसे निरीक्षण गच्चीवरही होते. आपल्याकडे मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, साडेबाराच्या सुमारास येतो. त्या वेळी 22 डिसेंबरच्या आसपास एक मीटरची काठी सरळ उभी धरल्यास तिची सावली सुमारे 90 सेंटीमीटर पडते, आणि दर रविवारी तिचे टोक खडूने नोंदवत गेल्यास सूर्याचे उत्तरेकडे सरकणे मुलांना पाठ करावे लागत नाही, फरशीवरच दिसते. मेच्या मध्यास तर एका दुपारी ही सावली जवळजवळ नाहीशी होते. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली थिजू लागते, म्हणून न्हाणीघरातील बाटलीचीही नोंद ठेवता येईल. संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र आहेच.

शाळांनी नाताळच्या सुट्टीत चित्रे चिकटवण्याच्या प्रकल्पाऐवजी (तो बहुधा आईच पूर्ण करते) अशी नोंदवही मागवावी. आपल्या दैनिकानेही किमान तापमानाशेजारी पुण्याच्या मध्यान्हाची नेमकी वेळ छापावी, ही विनंती.

– एक पालक, कोथरूड, पुणे