दाखल्याची वाट न पाहता बाळाला मदत मिळू द्या

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात तान्ह्या आणि रांगत्या मुलांबरोबर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खाणं, अंघोळ, खेळ अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. माझ्याकडे येणाऱ्या आया आजाराची तक्रार घेऊन येत नाहीत. बाळाला न्हाऊ घालायला घेतलं की ते जिवाच्या आकांतानं रडतं. तेलाचा हात लागला की अंग आखडतं. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून आईच्या पदरात शिरतं. दीड वर्षाचं झालं तरी मऊ भातात डाळीचा एक दाणा जिभेला लागला की ओकतं. वजन बरं असेल तर दवाखान्यात ‘सगळं ठीक आहे’ असं सांगतात, घरात दृष्ट काढतात आणि शेजारीपाजारी ‘लाडावून ठेवलंय’ म्हणतात. सगळा दोष शेवटी आईच्या पदरात पडतो.

हे लाडावणं नव्हे. स्पर्श, आवाज, उजेड, चव, शरीराचा तोल आणि सांध्या-स्नायूंमधून येणारी जाणीव, या सगळ्याची सांगड मेंदूला नीट घालता येत नाही, तेव्हा रोजचं जगणंच बाळाला सोसवेनासं होतं. काही बाळांचं उलट असतं. त्यांना जोराचे झोके, उड्या, धडका कितीही मिळाल्या तरी पुरत नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या प्रकारच्या बाळांची. ती पडून राहतात, हाक मारली तरी वळत नाहीत, ओल्या लंगोटातही कुरकुरत नाहीत. ‘किती गुणी बाळ, काही त्रास नाही’ असं कौतुक होतं आणि त्या कौतुकात महिने निघून जातात. अशा बाळाची कानांची तपासणी तर सगळ्यात आधी व्हायला हवी.

एक वीस महिन्यांचा मुलगा जमिनीवर पाऊलच टेकवत नव्हता. आई दिवसभर त्याला कडेवर घेऊन घरकाम करायची. आम्ही आधी तिच्या मांडीवर बसवून त्याच्या तळपायांना हातानं घट्ट, सावकाश दाब दिला. मग घडी घातलेली मऊ चादर, मग सतरंजी, मग गार फरशी आणि सगळ्यात शेवटी अंगणातली माती. तो मागे सरला की आम्हीही एक पायरी मागे. यात महागडं यंत्र एकही नव्हतं. कधी थांबायचं, हे आईला शिकवणारं कुणीतरी लागलं.

अडचण दिव्यांगत्वाच्या दाखल्याची आहे. संवेदनांच्या अडचणींना स्वतंत्र आजार मानायचं का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्येच सांगितलं की हे स्वतंत्र निदान म्हणून लावू नये, यामागे ऑटिझम (स्वमग्नता) किंवा विकासातली दुसरी काही अडचण आहे का ते पाहावं. मला ते पटतं. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही याचं वेगळं नाव नाही आणि बाविसावा प्रकार जोडा, अशी माझी मागणीही नाही. मात्र दोन वर्षांच्या बाळाचं निदान पक्कं व्हायला वेळ लागतो, तोवर त्याला मदतच मिळू नये, हे मला मान्य नाही.

कागदावर आपल्याकडे बरंच आहे. मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यातून बाळांना लवकर उपचार मिळावेत म्हणून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली. केंद्र सरकारनं 2023 मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल (कार्यपद्धती) आणला, 2024 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आराखडा आणला. पण अंगणवाडी आपल्या खात्याची, तपासणी पथक आरोग्य खात्याचं आणि दिव्यांग कल्याण हा 2022 पासून तिसराच विभाग. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. एका फेरीत बाळ नजरेतून निसटलं तर पुढची फेरी सहा महिन्यांनी. दीड वर्षाच्या बाळाच्या बाबतीत हा त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा झाला.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन होतं, त्याच वेळी सेविकेनं आईला विचारावं: बाळ अंघोळ, कपडे, नखं कापणं सोसतं का? कसलं जेवण टाळतं? आवाजाला दचकतं, की आवाजाकडे वळतच नाही? झोप कशी आहे? हे विचारायला आणि उत्तर समजून घ्यायला सेविकांना थेरपिस्टकडून, प्रत्यक्ष बाळांसोबत प्रशिक्षण द्या, आणि या जादा कामाचा मोबदलाही द्या. त्यांच्यावर आधीच नोंदींचा डोंगर आहे. सेविकेची चिठ्ठी एवढ्यावरच बाळाला जिल्हा केंद्रात घ्यावं, दाखला मागू नये. आणि आरोग्यमंत्र्यांशी बोलून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसेल अशी सोय करावी. रोजंदारीवरची आई मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी येऊ शकत नाही. दोन खेपांनंतर ती यायची बंद होते.

कमलाबाई निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. निंबकरांचं फलटण आमच्याच जिल्ह्यात आहे. असे थेरपिस्ट घडवणारी महाविद्यालयं राज्यात आहेत, तालुक्याला पदं नाहीत. येत्या अर्थसंकल्पात ती पदं मंजूर करून घ्यावीत. सेविकांच्या प्रशिक्षणासाठी मी आणि माझे सहकारी आमच्या तालुक्यात विनामानधन यायला तयार आहोत.

आपली नम्र,
एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सातारा जिल्हा