भावाच्या आलेखात अक्ष शून्यापासून हवा

मा. संपादक,

कापसाच्या भावाचे, पावसाचे आलेख आता विदर्भात गावच्या फलकावर आणि व्हॉट्सॲपवर सर्रास दिसतात. एक्सेलमध्ये ते करताना एक चूक फार होते. समजा क्विंटलचा भाव ७,००० वरून ७,४०० झाला. वाढ सहा टक्केसुद्धा नाही. पण आकडे असे जवळजवळ असले की एक्सेल उभा अक्ष आपोआप शून्याऐवजी ६,८०० च्या आसपास सुरू करते. मग दुसरा खांब पहिल्याच्या तिप्पट दिसतो, आणि घरातला कापूस विकायचा की ठेवायचा, हे शेतकरी त्या चित्रावरून ठरवतो! हे थांबायला हवे.

शीर्षक, अक्ष, खांब, लेजंड (कोणता रंग कशाचा हे सांगणारी यादी) हे आलेखाचे वेगवेगळे भाग आणि प्रत्येकाची सेटिंग वेगळी. म्हणून आधी नेमक्या भागावर क्लिक करावे. अक्षाच्या आकड्यांवर क्लिक करून कंट्रोल व १ दाबले की फॉरमॅट ॲक्सिस उघडते. तिथे बाउंड्सखाली मिनिमममध्ये ० लिहून एंटर दाबावे. कोऱ्या जागी क्लिक केले तर भलतेच पर्याय येतात आणि माणूस शोधत बसतो.

पाऊस मोजलाच नसेल त्या दिवशी ० भरू नये, चौकट रिकामी ठेवावी. शून्य म्हणजे कोरडा दिवस. तक्त्यातली ओळ लपवली तर ती आलेखातूनही जाते. लेजंडमधले नाव रकान्याच्या मथळ्यातून येते. तिथे ‘कापूस, रु. प्रति क्विंटल’ असे स्वच्छ मराठीत लिहावे.

— एक वाचक, जि. यवतमाळ